सील तुटलं की जबाबदारी तुमची

जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. असेलही. पण ज्याने कुणी हे म्हटलं, त्याच्या डोळ्यांपुढे घरजावई नव्हता. घरजावई ग्रह कसला, उपग्रह. सासऱ्याभोवती फिरायचं, सासऱ्याच्याच उजेडात दिसायचं आणि आपली दुसरी बाजू कुणाला दाखवायची नाही. या गोष्टीतल्या जावयाला असं फिरायला लागून सहा वर्षं झाली होती आणि आता त्याला निघायचं होतं. सोमवारी सकाळी दहाला दुसऱ्या शहरात हजर व्हायचं होतं. आज गुरुवार उजाडला होता आणि वाटेत एक कॉम्प्युटर आडवा पडला होता.

आधी घर सांगायला हवं, म्हणजे त्याला निघायची एवढी घाई का ते कळेल. खाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, वर तीन खोल्या. वरचा जिना उतरायचा तो थेट दुकानात, काउंटरच्या मागे. घराला दुसरं दार नव्हतं. म्हणजे दूध आणायचं असो, केस कापायचे असोत की नुसतं हवा खायला बाहेर पडायचं असो, काउंटरवर बसलेल्या सासऱ्यांच्या खुर्चीमागून अंग चोरून जायचं, आणि ते मान वर न करता विचारणार, "कुठे?" त्या 'कुठे'त राग नसायचा, संशयही नसायचा. गिऱ्हाइकाला 'काय बिघडलंय' विचारावं, तसा तो प्रश्न असायचा. पण दिवसातून चार वेळा, अशी सहा वर्षं तो ऐकला की माणसाला बाहेर जायचीच इच्छा राहत नाही. जावयाने हल्ली केस वाढवायला घेतले होते.

लग्न ठरत होतं तेव्हा सासरे त्याला 'तुम्ही' म्हणत. तुमचा हात चांगला आहे, तुम्ही आमच्याकडेच या, वेगळं बिऱ्हाड कशाला, असं गोड बोलून त्यांनी त्याला आणला. आणल्यावर महिनाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. बायको म्हणाली होती की बाबा तुला 'तू' म्हणतात म्हणजे मुलासारखं मानतात. पण मुलाला ते 'बाळ' म्हणत.

हा बाळ चोवीस वर्षांचा होता. दिवसभर वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत कानाला हेडफोन लावून तो कॉम्प्युटरवर लढाया खेळायचा. खेळात त्याचं नाव 'यमदूत' होतं, आणि घरात पाल दिसली तर हाच यमदूत खुर्चीवर चढून बहिणीला हाका मारायचा. पण खेळायचा चांगला, खोटं बोलून चालणार नाही. पाच जणांच्या संघात तो होता, संघ स्पर्धांत उतरायचा आणि कधीकधी जिंकायचाही. दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांनी त्याला नवा कोरा गेमिंग कॉम्प्युटर बांधून दिला होता. एकेक भाग निवडून, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या वस्तू काढून. तिसऱ्या दिवशी तो ऐन लढाईत बंद पडला. पडदा निळा झाला, त्यावर मेमरीच्या बिघाडाचा आकडा आला, आणि यमदूताने वरून अशी काही आरोळी ठोकली की खाली एका गिऱ्हाइकाच्या हातातून कीबोर्ड पडला.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर वर कमी आणि खाली जावयाच्या टेबलावर जास्त असे.

दरम्यान जावयाने कुणाला न सांगता एका निवासी शाळेत अर्ज केला होता. शाळेतले चाळीस कॉम्प्युटर सांभाळायचे, राहायला आवारात दोन खोल्या. पत्र आलं तेव्हा त्याने ते बायकोला आंघोळीच्या खोलीत नेऊन दाखवलं, कारण घरात दार लावून बोलावं अशी जागा तेवढीच होती. तिने पत्र दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता.

"दार वेगळं आहे?"

"आहे. थेट रस्त्यावर."

ती बराच वेळ टॉवेलच्या घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली की जाऊ या, बाबांना मी सांगते, पण आधी बाळचा कॉम्प्युटर नीट करून दे. तो तसाच सोडून गेलो तर बाबा जन्मभर म्हणतील, जाताना एक मशीनही धड करून गेला नाही. मला इथे येत-जात राहायचंय, मला तोंड दाखवता आलं पाहिजे. ही अट त्याला रास्त वाटली. मेमरीचा बिघाड तो काय, चार दिवसांचं काम. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले होते.

मेमरी तपासायची रीत अशी असते. मेमरीच्या म्हणजे रॅमच्या पट्ट्या मदरबोर्डवरच्या खाचांत बसवतात; इथे खाचा चार होत्या आणि पट्ट्या दोन. तपासणीचा प्रोग्राम त्या पट्टीच्या कानाकोपऱ्यात आकडे लिहितो आणि परत वाचून बघतो. लिहिलं तेच वाचलं तर ठीक, वेगळं वाचलं की पडद्यावर लाल ओळ. पूर्ण तपासणीला एक दिवस जातो. जावयाने पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत एकटी घालून तपासली, स्वच्छ निघाली. दुसरी पट्टी त्याच खाचेत एकटी घालून तपासली, तीही स्वच्छ. एक दुसऱ्या खाचेत, एक चौथ्या खाचेत, अशा दोन्ही जिथे असायला हव्यात तिथे घातल्या की पाच मिनिटांत लाल ओळींचा पाऊस. त्याने पट्ट्या बदलल्या, पॉवर सप्लाय बदलला, ग्राफिक्स कार्ड काढून दुसरं लावलं, सगळे प्रोग्राम पुसून नव्याने टाकले, पट्ट्यांचा वेग कमी करून पाहिला. मग दोन्ही पट्ट्या पहिल्या दोन खाचांत घातल्या. तेव्हा लाल ओळी थांबल्या आणि त्याने आनंदाने कॉम्प्युटर वर नेऊन दिला. दहाव्या मिनिटाला यमदूत जिन्यावरून ओरडला, "भावोजी, हे काय चालतंय का रांगतंय?" पहिल्या दोन खाचांची वाट एकच, तिच्यावर दोन वाटांचं काम आलं की वेग पडतो, आणि यमदूताला वेगातलं तेवढं लगेच कळत असे. कॉम्प्युटर पुन्हा खाली आला.

टेबलावरच्या कागदावर जावयाने प्रत्येक तपासणी मांडली होती आणि त्या कागदाकडे पाहून शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं की पट्ट्या बिचाऱ्या निर्दोष आहेत. कुठलीही पट्टी चौथ्या खाचेत गेली की बिघडते. पण खाच म्हणजे नुसती खाच. तिच्यातून निघणाऱ्या तारा मदरबोर्डच्या पोटातून जाऊन पोहोचतात त्या प्रोसेसरखाली. तिथे सॉकेटमध्ये हजाराच्या वर सोनेरी पिना असतात, केसाएवढ्या बारीक, आणि त्यांतली एक जरी वाकली तरी एखाद्या खाचेचा निरोप वाटेतच हरवतो. म्हणजे उघडून बघायला हवं होतं ते एकच ठिकाण. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा तो तीन आठवडे वळसा घालत होता, आणि खरं सांगायचं तर त्याला हे माहीत होतं.

कारण त्या कळशावर सासऱ्यांचं सील होतं.

या दुकानाची ही जुनी रीत. बाकी सगळी हमाली जावयाची, पण प्रत्येक नव्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर सासरे स्वतःच्या हाताने बसवत. त्यावर पंखा बसवत, आणि पंख्याच्या एका स्क्रूवर बोटाएवढं पांढरं सील चिकटवून त्यावर सही करत. ते सील म्हणजे या दुकानाचा शब्द. ते फाडल्याशिवाय पंखा निघत नाही आणि पंखा काढल्याशिवाय प्रोसेसर दिसत नाही. गरम हवा मारून अलगद उचलावं म्हटलं तर तेही जमत नसे. सासऱ्यांनी मुद्दाम अशी सीलं मागवली होती की ती उचलताच चुरा होत. भिंतीवर पाटी होती आणि पाटी वाचायची वेळ येऊ नये म्हणून सासरे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी ऐकवत: "सील तुटलं की जबाबदारी तुमची." कुणी घरी उघडून, धूळ झाडून, मग बिघडलं म्हणून आणलं की सासरे फाटक्या सीलवर नुसतं बोट ठेवत. गिऱ्हाईक कितीही गळा काढो, ते बोट हलत नसे.

जावयाने एकदा फार जपून विषय काढला होता. बाबा, एकदा प्रोसेसर काढून बघू या का, असं म्हणाला होता. सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, मी बसवलेला? तीस वर्षांत मी बसवलेला एक प्रोसेसर परत आलेला नाही. मग त्यांनी विजेच्या दाबाला, हवेतल्या दमटपणाला आणि हल्लीच्या खेळांना दोष देऊन झाला, आणि विषय मिटला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण गुरुवार उजाडला तो यमदूताच्या संघाचा निरोप घेऊन. शनिवारी पात्रतेचा सामना आहे, तुझा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला तर तुझ्या जागी दुसरा खेळेल. यमदूत नाश्त्याला भावोजींशी बोललाच नाही. बायकोने भांडी घासता घासता हळूच विचारलं, "होईल ना रे?" माळ्यावरून काढलेली सूटकेस पलंगाखाली होती. तिच्यात तिने जागेवरून गेलेले कुणाच्या लक्षात येणार नाहीत असे कपडे, म्हणजे स्वेटर आणि जुन्या चादरी, आधीच भरून ठेवल्या होत्या.

दुपारी दोन ते चार सासरे वर झोपत. शटर अर्धं खाली असे. त्या वेळात जावयाने कॉम्प्युटर आडवा केला, दिवा जवळ ओढला आणि सीलकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वीची सही. त्याला एकदम त्यांची जुनी सही आठवली, म्हणून त्याने शेजारच्या फळीवर दुरुस्तीला आलेला एक चार वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर उघडून त्यातलंही सील पाहिलं. ती सही ऐटदार होती, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली वळवून पुन्हा वर नेलेली. ही सही म्हणजे शाईत पाय बुडालेली मुंगी कागदावरून चालत गेलेली. तो हे बघत आला होता, आणि पेनाला दोष देत आला होता. सासरे हल्ली चहा कपबशीत घेत नसत, पेल्यात घेत आणि पेला दोन्ही हातांनी धरत. त्यालाही त्याने गारठा असं नाव देऊन टाकलं होतं. प्रोसेसर बसवताना ते हल्ली सगळ्यांकडे पाठ करत.

त्याने नखाने सील फाडलं. चुरा टेबलावर पडला.

पंखा निघाला, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी, आता सुकलेली पेस्ट त्याने पुसली, प्रोसेसरची पकड सोडवली, प्रोसेसर उचलून बाजूला ठेवला आणि भिंगातून खाली पाहिलं. सगळ्या पिना एका बाजूला झुकलेल्या, शिस्तीत. फक्त कोपऱ्यातली एक शेजारणीच्या अंगावर आडवी पडली होती.

सापडली. पहिला झाला तो आनंद, अगदी निर्भेळ. तीन आठवडे ज्याने दमवलं तो चोर समोर होता आणि तो एवढासा होता. सोमवार त्याला दिसला, रस्त्यावर उघडणारं दार दिसलं. चिमटा घ्यायला त्याने हात पुढे केला, तेवढ्यात जिना वाजला.

सासरे उतरून आले होते. त्यांची नजर पिनेवर गेली नाही, ती टेबलावरच्या पांढऱ्या चुऱ्यावर गेली.

"सील कुणी फाडलं?"

"मी."

जावयाने भिंग त्यांच्यापुढे सरकवलं आणि पिन दाखवली. सासऱ्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ होत ते म्हणाले, उघडताना वाकवलीस. जावई म्हणाला, बाबा, मी आत्ता उघडलंय, बिघाड दोन महिन्यांचा आहे. सासऱ्यांनी टेबलावरच्या चुऱ्यावर बोट ठेवलं. तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे ठेवलं होतं तेच बोट, फक्त आता ते टेबलावर टकटक वाजत होतं आणि त्यांनी ते चटकन मुठीत घेतलं.

रीत तर बिनचूक होती, आणि तीन आठवडे ती पाळणारा तोच होता. फाडलं नाही तर बिघाड सापडत नाही, फाडलं की बिघाड आपलाच. त्याला त्या सगळ्या गिऱ्हाइकांची तोंडं आठवली, जी हा बोटाचा न्याय ऐकून, कॉम्प्युटर छातीशी धरून मुकाट बाहेर पडत. ती निदान बाहेर तरी पडत.

आवाज ऐकून यमदूत जिन्याच्या मधल्या पायरीवर आला, हेडफोन गळ्यात. "झालं का?"

"भावोजींनी तुझ्या पिना वाकवल्यात," सासरे म्हणाले.

यमदूताला दोन महिने कुणावर तरी ओरडायचं होतं. तो ओरडला. काय काय ओरडला ते सांगण्यासारखं नाही, थोडक्यात असं की घरात एक माणूस फुकट पोसला जातोय आणि त्याला वाकडं करण्यापलीकडे काही येत नाही. मग तो पाय आपटत वर गेला आणि त्याच्या खोलीचं दार आपटलं.

आणि गंमत बघा, त्या आपटलेल्या दाराच्या आवाजातच जावयाला वाट सापडली. एवढी सोपी होती की त्याला हसू आलं. नालायक ठरलो की सुटलो. नालायक जावयाला कुणी अडवत नाही, उलट त्याचं सामान दारापर्यंत आणून देतात.

"ठीक आहे बाबा," तो म्हणाला. "मी वाकवली. सरळ करून देतो. आणि सोमवारी आम्ही दोघं जातोय."

"कुठे?"

तोच शब्द. पण यावेळी सासऱ्यांनी मान वर करून विचारला होता. जावयाने शाळा सांगितली, शहर सांगितलं, दोन खोल्या सांगितल्या. सांगताना त्याला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले.

"पिन मी सरळ करतो," ते म्हणाले. "दुकान माझं आहे."

त्यांनी चिमटा उचलला. दिव्याखाली तो हात आला आणि मग लपवायला जागा उरली नाही. चिमट्याचं टोक त्या पिनेच्या वर थरथरत हिंडायला लागलं, कधी इकडच्या पिनांवर, कधी तिकडच्या. सासऱ्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तर दोन्ही हात थरथरायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते थांबत नव्हते. टोक खाली येत होतं. आणखी एका केसाचं अंतर, की दहा-बारा पिना एकदम झोपल्या असत्या आणि मदरबोर्ड कायमचा गेला असता.

जावयाने त्यांचं मनगट धरलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती थरथर त्याच्या कोपरापर्यंत आली.

चिमटा खाली ठेवला गेला. मग जावयाने विचारलं की हे किती दिवस चाललंय. सासरे म्हणाले, वर्ष झालं. डॉक्टर? दाखवलं होतं, दोघांना. औषधाने जरा आवरेल, पण वाढत जाणार म्हणाले. त्या दिवशी प्रोसेसर बोटांतून निसटला होता, एक कोपरा टेकल्यासारखा वाटला. नुसता टेकला असेल म्हणून मी बसवून टाकला. सील लावलं.

"पोरीला सांगू नकोस," ते म्हणाले.

जावयाने चिमटा घेतला. श्वास धरून, टोकाने पिनेला खालून उचललं, शेजारणीच्या अंगावरून काढलं आणि तिच्या जागी उभं केलं. त्याला काही चार सेकंद लागले असतील. सासरे त्याच्या हाताकडे बघत होते. भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो तसे. त्याने प्रोसेसर ठेवला, पकड बसवली, पेस्ट लावली, पंखा कसला, दोन्ही पट्ट्या त्यांच्या हक्काच्या खाचांत घातल्या, एक दुसऱ्या, एक चौथ्या. तपासणी चालू केली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अर्धा तास गेला. पडद्यावर एकही लाल ओळ नव्हती.

चार वाजले. सासऱ्यांनी उठून शटर वर ढकललं, आणि तेही त्यांना खांद्याने ढकलावं लागलं. परत येऊन त्यांनी खणातून सीलची गुंडाळी आणि काळं पेन काढलं. एक सील सोडवून त्यांनी पंख्याच्या स्क्रूवर चिकटवलं, थोडं तिरकं बसलं. मग पेन जावयापुढे ठेवलं.

"सही तुम्ही करा."

जावयाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्याने वर पाहिलं. सासरे खाली बघत होते आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"आजपासून तुम्हीच करा," ते म्हणाले. "सोमवारचं तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही."

सहा वर्षं तो या सहीसाठी झुरला होता. पहिल्या वर्षी तर रात्री झोपताना तळहातावर बोटाने सराव करायचा, शेवटच्या अक्षराची शेपटी कशी वळवायची ते. ती सही आज समोर आली, आणि त्याला सासऱ्यांचा असा संताप आला की पेन उचलून रस्त्यावर भिरकवावं. शिवी दिली असती तर तो गेला असता. चोर म्हणाले असते, तुकड्यावर जगतोस म्हणाले असते, तर आनंदाने गेला असता, शटरखालून वाकूनसुद्धा गेला असता. पण 'तुम्ही' म्हणाले. 'अडवणार नाही' म्हणाले. आता कुठून जायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं निदान काहीतरी धरता तरी येतं. इथे तर एक म्हातारा माणूस स्वतःच्या हातांवर बसला होता. उद्या कुणीतरी नवा कॉम्प्युटर बांधायला सांगेल. हे पाठ करून बसतील आणि प्रोसेसर पुन्हा निसटेल. आणि ज्याच्या घरी तो जाईल तो महिनोन्‌महिने पट्ट्या बदलत राहील.

त्याने सही केली. शेपटी वळवली नाही.

बायको चहा घेऊन उतरली. नवऱ्यासाठी कप, बापासाठी पेला. जावयाचं लक्ष पेल्याकडे गेलं. पेला अर्धाच होता. वर्षभर तो अर्धाच असे, आणि त्याला वाटत आलं होतं की डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलाय. अर्धा भरला की हिंदकळत नाही. म्हणजे हिलाही माहीत होतं, पहिल्यापासून. घरात तीन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून, नाहीतर स्वतःपासून, लपवत होती आणि चौथा वर लढाई खेळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"झालं का?" तिने विचारलं. तिने तपासणीचा पडदा पाहिला. मग वाकून सील पाहिलं, त्यावरचं नाव वाचलं, आणि तशीच वाकलेली राहिली. सासऱ्यांनी पेला घ्यायला हात काढले नाहीत. तिने तो त्यांच्या पुढ्यात, हाताशी येईल असा ठेवला.

"झालं," जावई म्हणाला.

ती सरळ झाली. वर यमदूताच्या खोलीतून मित्रांशी बोलल्याचा आवाज येत होता.

"शाळेला कळवायला हवं मग," ती हळू म्हणाली. "त्यांना दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

तिला वाईट वाटलं की सुटल्यासारखं झालं, हे तिच्या तोंडावरून कळेना. त्याने विचारलं नाही. तीन आठवड्यांपूर्वीची ती अट नक्की कशासाठी घातली होती, हेही त्याने विचारलं नाही, आणि आता ते विचारता येण्याजोगं राहिलं नव्हतं. ती वर गेली. थोड्या वेळाने पलंगाखालून सूटकेस ओढल्याचा आवाज आला, आणि मग कपाटाचं दार.

जावयाने टेबलावरचा सीलचा चुरा गोळा करून कचऱ्यात टाकला. तो उठला, सवयीने अंग चोरून सासऱ्यांच्या खुर्चीमागून निघाला, काउंटरला वळसा घालून दारापर्यंत आला. शटर पूर्ण वर होतं. समोर रस्ता होता, फूटपाथवर सायकली लावलेल्या होत्या, कोपऱ्यावरून बस वळत होती. कुठेही जाता आलं असतं.

उंबऱ्यावर तो थांबला आणि मागून येणाऱ्या शब्दाची वाट बघू लागला. तो आला नाही. त्याने वळून पाहिलं. सासरे अर्धा पेला दोन्ही हातांत धरून तपासणीच्या पडद्याकडे बघत होते. पडदा हिरवा होता आणि त्यांना बाहेर कोण जातंय, कोण येतंय, याची काळजी उरलेली नव्हती.

"कुठे नाही, बाबा," जावई म्हणाला, कुणी विचारलेलं नसताना, आणि आत येऊन टेबलाशी बसला.